बिबट्या, अस्वल, हरीण, हत्ती: तयार तक्ता नसलेल्या प्राण्यात ॲक्युपंक्चरचा बिंदू शोधायचा कसा?

करवंदी (धागाकर्ती)

वन्यप्राणी उपचार केंद्रांत काम करणाऱ्या पशुवैद्यांसाठी हा धागा काढते आहे. कुत्रा आणि घोडा यांचे ॲक्युपंक्चरचे तक्ते सहज मिळतात. बिबट्या, अस्वल, चितळ, हत्ती यांचे खात्रीचे तक्ते नाहीत. मग कुत्र्याचा तक्ता बिबट्यावर आणि घोड्याचा हत्तीवर बसवला जातो. मुळात कुत्र्याचे बहुतेक बिंदूही माणसावरूनच उचललेले आहेत. चिनी पशुवैद्यकाची स्वतःची जुनी परंपरा आहे ती प्रामुख्याने घोड्यांची आणि गुराढोरांची. यू बंधूंचा घोड्यांवरचा ग्रंथ १६०८ चा. म्हणजे बिबट्यापर्यंत पोचेतो बिंदू दोन हात बदलून आलेला असतो.

माणसाला बरगड्यांचे मणके १२ आणि कमरेचे ५. कुत्र्याला १३ आणि ७. बिबट्यालाही १३ आणि ७, म्हणून कुत्र्याचा तक्ता चालेल असं वाटतं. चितळाला १३ आणि ६. अस्वलांत बहुधा १४ आणि ६. आशियाई हत्तीत बरगड्यांचे १९-२० आणि कमरेचे अवघे ३-४, तेही प्राण्यागणिक बदलतात. बिंदूच्या नावात अक्षरं वाहिनीची (ॲक्युपंक्चरमध्ये शरीरावर कल्पिलेल्या रेषेची) आणि आकडा तिच्यावरच्या बिंदूचा; बीएल म्हणजे मूत्राशय वाहिनी. आता ‘बीएल-२३ म्हणजे दुसऱ्या कमरेच्या मणक्याच्या बाजूला’ हे वाक्य हत्तीत कसं वापरणार?

माझं म्हणणं असं की बिंदूचा नंबर बाजूला ठेवावा. त्या नंबराखाली कोणती नर्व्ह आहे, कोणत्या दोन स्नायूंमधली खाच आहे, कोणती रक्तवाहिनी आहे ते पाठ असावं. ती रचना नव्या प्राण्यात बोटाला लागली तर बिंदू मिळाला. लागली नाही तर त्या प्राण्यात तो बिंदू नाही असं धरून पुढे जावं.

चर्चेसाठी एक नेहमीची केस घेऊ: रस्त्यावर गाडीची धडक बसलेला बिबट्या, मागचे पाय लुळे, एक्सरेत मणका मोडलेला नाही.

हाडवैरी

मी शरीररचना शिकवतो, तेवढ्यापुरतंच लिहितो.

बिबट्याच्या पाठीवर आधी शेवटची, म्हणजे तेरावी बरगडी शोधा. ती जिथे मणक्याला भिडते त्याच्या मागचा पहिला कमरेचा मणका. दुसऱ्या बाजूने खात्री करा: दोन्ही कटीअस्थींची टोकं बोटांनी धरा, त्यांच्यामधला आखूड काटा सातव्या कमरेच्या मणक्याचा. पुढून आणि मागून मोजलेलं जुळलं तरच सुई काढा. एक्सरे हाताशी असतोच, त्यावरही मोजा. काही प्राण्यांत एखादी बरगडी कमी-जास्त निघते.

मधल्या रेषेपासून बाहेरच्या बाजूला लाँजिसिमस आणि इलिओकॉस्टॅलिस या दोन स्नायूंमध्ये लांबलचक खाच लागते. मूत्राशय वाहिनीची आतली रेषा ती हीच. ‘दीड त्सुन’ (त्सुन हे शरीराच्या प्रमाणात धरायचं चिनी माप) मोजत बसण्यापेक्षा ही खाच बोटाने धरणं जास्त भरवशाचं. मोजायचंच असेल तर त्याच प्राण्याच्या कोपराच्या घडीपासून मनगटाच्या घडीपर्यंतचं अंतर १२ त्सुन धरा. आपल्या अंगठ्याची रुंदी उपयोगाची नाही.

मांजरकुळात कातडी फार सैल असते. प्राणी पालथा असताना खूण केली आणि मग कुशीवर वळवला, तर कातडी दोनेक बोटं सरकते आणि खूण भलत्याच स्नायूवर जाते. ज्या स्थितीत सुया लावायच्या त्याच स्थितीत चाचपायचं.

कुत्र्याचा तक्ता कुठे तोंडघशी पाडतो त्याचं नेमकं उदाहरण कोपराचं. मांजरकुळात दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाला आतल्या बाजूने हाडाचा एक पूल असतो आणि मीडियन नर्व्ह व ब्रेकियल धमनी त्या पुलाखालून जातात. कुत्र्यात हा पूल नाही. कुत्र्यात सुईपुढे नर्व्ह आणि धमनी थोडी बाजूला सरकू शकते, बिबट्यात ती हाडाखाली अडकलेली असते. त्यामुळे कोपराच्या आतल्या घडीतले बिंदू बिबट्यात सरळ खोल टोचू नयेत; तिथे काही करण्यापेक्षा मनगटाच्या वरचा पीसी-६ घ्यावा. तो फ्लेक्सर कार्पी रेडियालिस आणि वरवरच्या फ्लेक्सर स्नायूच्या कंडरांमध्ये मिळतो, खाली तीच मीडियन नर्व्ह.

दुसरं, लंबोसेक्रल खड्ड्यातला, म्हणजे कमरेचा शेवटचा मणका आणि त्रिकास्थी यांच्यामधला, बाई-हुई हा बिंदू. माणसात मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कमरेच्या मणक्याशी संपतो, कुत्र्यात सहाव्या-सातव्याशी, आणि मांजरकुळात त्याहून मागे. म्हणून घोड्यात बिनघोर खोल जाणारी ही सुई बिबट्यात कातडी आणि वरच्या बंधापर्यंतच ठेवा. खोलवर ‘फट्’ असं सुटल्यासारखं जाणवलं तर सुई जास्त आत गेली आहे.

निवडुंग

उत्तम माहिती. मला मागच्या पायांचे बिंदू हवे आहेत. एसटी-३६ आणि जीबी-३४ बिबट्यात नक्की कसे धरायचे? आणि प्राणी बेशुद्ध असताना सुई बरोबर लागली हे कळणार कशावरून? जागा कुत्रा कातडी थरथरवतो, वळून बघतो. इथे तसलं काहीच नाही.

करवंदी

@निवडुंग, गुडघ्याच्या वाटीखाली नडगीची टोकदार कड लागते. तिच्या बाहेरच्या अंगाला क्रेनियल टिबियल स्नायूचा फुगीर भाग आहे, त्याच्या मध्यावर, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात एसटी-३६. खाली डीप पेरोनियल नर्व्ह आणि सोबत धमनी. जीबी-३४ साठी फिब्युलाचं (नडगीशेजारच्या बारीक हाडाचं) डोकं चाचपा, त्याच्या थोडं पुढे आणि खाली. बिबट्यात फिब्युला पूर्ण असतो, म्हणून खूण स्पष्ट मिळते.

भुलीतल्या प्राण्यात खात्री करायची ती विजेने. इलेक्ट्रो यंत्र (सुयांतून सौम्य वीज देणारं) १ ते २ हर्ट्‌झवर ठेवून प्रवाह शून्यापासून हळूहळू वाढवा. एसटी-३६ बरोबर असेल तर घोटा वर उचलला जातो आणि बोटं सरळ होतात. बोटं खाली वळली तर तुम्ही मागे, टिबियल नर्व्हकडे गेला आहात. काहीच हललं नाही तर सुई स्नायूंमधल्या चरबीत आहे, किंवा ती नर्व्हच काम करत नाही. दुसऱ्या पायाशी तुलना करा. तिथे हललं आणि इथे नाही, तर ही उपचाराबरोबर तपासणीही झाली.

धडकेच्या केसमध्ये माझी निवड अशी: दुखापतीच्या एक-दोन मणके पुढे खाचेतली एक जोडी, तितक्याच मागे एक जोडी, दोन्हीकडे एसटी-३६, आणि दोन्ही घोट्यांच्या मागे केआय-३ ते बीएल-६० अशी एकेकच, आरपार न जाणारी सुई. झाल्या आठ. वेळ उरला तर मागच्या बोटांच्या बेचक्यांत. यापलीकडे जाऊ नये. भुलीची मिनिटं मोजकी असतात, आणि वीस सुया लावून काढण्यातच ती संपतात.

बीएल-४० मी वन्य मांजरकुळात टाळते. गुडघ्यामागच्या खळग्यात धमनी, टिबियल नर्व्ह आणि लसिका ग्रंथी एकाच जागी आहेत, आणि रक्त साकळलं तर नंतर पिंजऱ्यातल्या प्राण्यात ते कुणाला दिसतही नाही.

हाडवैरी

एक पुरवणी. कमरेच्या मणक्यांमधून निघणारी नर्व्ह त्याच नंबराच्या मणक्यामागून बाहेर पडते, पण तिची कातडीकडे जाणारी फांदी तिरकी मागे जाते आणि एक-दोन मणके मागच्या कातडीला पोचते. म्हणून कातडीच्या बधिरपणाची रेघ जिथे दिसते, त्याच्या एक-दोन मणके पुढे खरी दुखापत धरायची. ‘दुखापतीच्या पुढे एक जोडी’ मोजताना हे विसरलात तर दोन्ही जोड्या दुखापतीच्या मागेच पडतील.

कातळशिल्प

इथे थोडं थांबून पुरावा काय आहे ते मांडतो. मी औषधशास्त्राच्या बाजूचा आहे.

हाबाखर, पिट्लर आणि अर्न्स्ट यांनी २००६ मध्ये पाळीव प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले. कोणत्याही आजारासाठी शिफारस करावी किंवा नाकारावी इतका ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही. ही पाळीव प्राण्यांची स्थिती. रानटी प्राण्यांत तर तुलनात्मक प्रयोग करायला जनावरांची संख्याच मिळत नाही. तेव्हा ‘बिबट्या ॲक्युपंक्चरने चालू लागला’ या बातमीत पिंजऱ्यातली विश्रांती, सूज उतरवणारी औषधं आणि निसर्गाने भरून काढलेलं किती, हे वेगळं काढता येत नाही.

यंत्रणेबद्दल मात्र चांगलं काम झालेलं आहे. मेयर, प्राइस आणि रफी यांनी १९७७ मध्ये दाखवलं की ॲक्युपंक्चरने आलेलं वेदनाशमन नॅलोक्सोनने (अफूच्या जातीच्या औषधांचा, म्हणजे ओपिऑइडचा परिणाम अडवणाऱ्या औषधाने) पुसलं जातं. २०१० मध्ये गोल्डमन यांच्या गटाने उंदरांत सुई फिरवल्यावर जागेवर ॲडिनोसिन हे वेदना कमी करणारं रसायन वाढतं हे दाखवलं. आणि २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये चिउफू मा यांच्या गटाचं उंदरांवरचंच काम आलं: मागच्या पायाच्या खोल पटलात (स्नायूंभोवतीच्या आवरणात) आणि हाडाच्या आवरणाशी जाणाऱ्या एका विशिष्ट जातीच्या संवेदी नर्व्ह एसटी-३६ वरच्या सौम्य विजेने जाग्या होतात आणि व्हेगस या मेंदूतून पोटापर्यंत जाणाऱ्या नर्व्हमार्फत सूज आटोक्यात आणतात. पोटावरच्या पटलात त्या नाहीत, म्हणून तिथे टोचून तो परिणाम येत नाही. धागाकर्तीचं ‘नंबर सोडा, खालची रचना बघा’ हे म्हणणं या कामाशी जुळतं, म्हणून मी ते गंभीरपणे घेतो.

नॅलोक्सोनच्या शोधाचा हत्ती-गेंड्यात थेट उपयोग आहे. एटॉर्फिन या ओपिऑइड भुलीने पाडलेला प्राणी नाल्ट्रेक्सोन हा उतारा देऊन उठवला, तर त्या औषधाने ओपिऑइडचे दरवाजे बंद केलेले असतात. त्या सत्रातून एंडॉर्फिनमार्फत (शरीराच्या स्वतःच्या ओपिऑइडमार्फत) वेदनाशमनाची अपेक्षा धरू नका. ब्यूटॉर्फॅनॉल हे दुसरं ओपिऑइड वापरून नाल्ट्रेक्सोनने उलटवलं तरी तेच. अशा प्राण्याला वेदनाशामक म्हणून दाहविरोधी औषधं वेगळी द्यावी लागतात. सुया लावल्या म्हणून ती वगळली तर तो अन्याय आहे.

वेताळटेकडी

बचाव पथकात भुलीची बाजू सांभाळतो. क्रम लिहून ठेवतो, कारण सुयांच्या नादात हा चुकतो.

बिबट्याला हात लावण्याआधी, गुंगी देण्याआधी, स्क्वीझ केजमध्ये (भिंत सरकवून प्राण्याला जागीच धरणाऱ्या पिंजऱ्यात) लांब चिमट्याने मागच्या बोटाचं हाड दाबून बघा. पाय ओढला जाणं हा नुसता रिफ्लेक्स असू शकतो. मान वळली, गुरगुरला, कान मागे गेले तरच खोल वेदना मेंदूपर्यंत पोचते. झायलाझीन किंवा मेडेटोमिडीन ही गुंगीची औषधं दिल्यावर ही तपासणी खोटी पडते.

मग भूल, डोळ्यांवर पट्टी, डोळ्यांत मलम (किटामिनमध्ये पापण्या उघड्याच राहतात), तापमान, श्वास, नाडी. तापमान ४० अंशांच्या वर असेल तर सुयांचा विचार सोडून आधी थंड करा. एक्सरे, रक्त, जखमेची साफसफाई, सलाइन. मूत्राशय भरलेलं असेल तर रिकामं करा. यानंतर प्राणी स्थिर असेल तर १५ ते २० मिनिटं सुया. पंजांवर जाड मोजे बांधून चिकटपट्टी.

सुया लावताना मोठ्याने मोजा, फळ्यावर आकडा लिहा, काढताना दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजायच्या. दाट केसांत सुई राहून जाते. योहिम्बीन किंवा ॲटिपॅमेझोल ही गुंगी उलटवणारी औषधं हातात घ्यायच्या आधी आकडा जुळलाच पाहिजे. आणि किटामिनचा अंमल बाकी असताना झायलाझीन घाईने उलटवू नका, नाहीतर ताठरपणा आणि झटके येतात. सुया लवकर आटोपल्या म्हणून प्राणी लवकर उठवायचा, असं इथे चालत नाही.

केस कापू नयेत, निदान ज्याला परत सोडायचंय त्याचे. स्पिरिटने केस दुभंगून कातडी दिसते. पण स्पिरिट ओतू नका, लहान पिल्लांत अंग झपाट्याने गार पडतं.

निवडुंग

यंत्राबद्दल विचारायचं होतं. बाजारात स्वस्त मिळतात ती चालतील का? आणि सुई किती जाडीची?

करवंदी

बिबट्याच्या पायांना ०.२५ मिमी जाडीची ३० मिमी लांब, कमरेच्या स्नायूंना ०.३० ची ४० ते ५०. मूठ धातूची हवी. प्लॅस्टिकच्या मुठीवर क्लिप लावून वीज जात नाही आणि लोक यंत्र बिघडलं म्हणून प्रवाह वाढवत बसतात.

यंत्र फक्त बॅटरीवर चालणारं आणि दोन्ही दिशांना सारखा प्रवाह देणारं घ्या. एकाच दिशेचा प्रवाह असेल तर सुई गंजून आत मोडते आणि मांस भाजतं. २ आणि १०० हर्ट्‌झ आळीपाळीने येणारी सेटिंग असते, ती वापरा: कमी वारंवारतेने एन्केफॅलिन व बीटा-एंडॉर्फिन, जास्तीने डायनॉर्फिन (ही सगळी शरीराची स्वतःची वेदनाशामकं), असं हान जिशेंग यांच्या गटाने दाखवलेलं आहे. जोड्या कमरेवर आणि पायांवरच. छातीच्या आरपार एक क्लिप डावीकडे आणि एक उजवीकडे अशी कधीच नाही.

स्नायू जेमतेम हलताना दिसला की थांबायचं. जागा प्राणी ‘पुरे’ म्हणून सांगतो, हा सांगू शकत नाही.

छातीवर सुई तिरकी आणि उथळ. बरगड्यांमधून सरळ गेलेली सुई फुप्फुसाला भोक पाडू शकते आणि पिंजऱ्यात परत गेलेल्या बिबट्याचा धापा टाकणारा श्वास दुसऱ्या दिवशी लक्षात येतो. खांद्याच्या पुढचा जीबी-२१ याच कारणाने नको. शिवाय बिबट्याचं खांद्याचं हाड स्नायूंत तरंगतं, कुशीवर झोपवला की त्याची जागाच बदलते.

माडगर्दी

दक्षिणेत पाळलेल्या हत्तींवर काम आहे, म्हणून हत्तीचं लिहिते.

पाठीवर कातडी जागोजाग २ ते ३ सेंटिमीटर जाड. बारीक सुई वाकते. १८ ते २० गेजची इंजेक्शनची सुई, ३८ मिमी, तीही पाठीवर जेमतेम स्नायूपर्यंत पोचते. म्हणून कानाच्या बुंध्याशी, पायाच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या घड्यांत, जिथे कातडी मऊ आहे तिथले बिंदू निवडायचे. आधी ब्रश आणि साबणाने घासून धुवायचं. चिखल आत गेला की गळू होतं आणि हत्तीत ते महिनोन्‌महिने चालतं. कानाच्या मागच्या बाजूच्या शिरा रक्त घेण्यासाठी लागतात, त्या सुयांनी खराब करू नका.

बरगड्या पुढून मोजायला जाऊ नका. शेवटच्या बरगडीपासून पुढे मोजा, घोड्यातही मागूनच मोजतात.

पुढच्या पायात रेडियस आणि अल्ना (कोपराखालची दोन हाडं) एकमेकींवर तिढा देऊन कायमच्या अडकलेल्या असतात आणि भार मुख्यतः अल्नावर. ‘दोन हाडांच्या मधून’ असं ज्या बिंदूचं वर्णन आहे तो इथे शोधूच नका. जीव्ही-२६ तर नाहीच: वरचा ओठ आणि नाक मिळून सोंड झाली आहे, ओठावरची मधली खाच उरलेली नाही.

आणखी एक फरक चांगल्या बाजूचा. हत्तीत फुप्फुस छातीच्या भिंतीला तंतूंनी चिकटलेलं असतं, मोकळी पोकळी नसते, म्हणून बिबट्यासारखी हवा शिरण्याची भीती तशी नाही. त्यावरून मोकाट खोल टोचायचा परवाना मात्र घेऊ नका.

म्हाताऱ्या हत्तीचे सांधे दुखत असतील तर क्रम असा: सिमेंटची जमीन बदलून माती-वाळू, तळव्यांची आणि नखांची छाटणी, वजन, दाहविरोधी औषधं, आणि मग सुया. पहिलं न करता शेवटचं केलं तर हत्तीच्या हाती काहीच लागत नाही.

खडकवासी

हत्तीच्या मर्मांवर आपल्याकडे पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आहे, पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ मध्ये छापलेला. श्रीलंकेत माहुतांच्या ‘निला’ जागा आहेत. हेच भारतीय ॲक्युपंक्चर नाही का?

माडगर्दी

@खडकवासी दादा, ग्रंथ मोलाचा आहे, पण मर्म म्हणजे जिथे इजा झाली तर प्राणी दगावतो किंवा निकामी होतो ती जागा. उपचार करताना सांभाळायची. निला जागा माहूत अंकुशाने दाबून हत्तीला बसवतो, वळवतो, थांबवतो, त्या ताब्यासाठी आहेत. दोन्हींत पातळ कातडी आणि खालची नर्व्ह यांचं अचूक निरीक्षण आहे, म्हणून काही जागा जुळतात. पण दुखवून हुकूम मानायला लावण्याच्या जागेला उपचाराचा बिंदू म्हणू नये. हत्तीलाही ती जागा आठवते. तिथे सुई घेऊन गेलात तर तो घाबरेल किंवा उलटेल.

वेताळटेकडी

जीव्ही-२६ चा विषय निघालाच आहे तर मांजरकुळाचं सांगतो. भुलीत श्वास थांबला तर नाकपुड्यांच्या खालच्या कडेच्या रेषेत, ओठाच्या मधल्या खाचेत २५ गेजची सुई हाडाला लागेपर्यंत घालून वर-खाली ठोकत फिरवायची. यान्सेन्स, ऑल्टमन आणि रॉजर्स यांनी १९७९ मध्ये कुत्र्या-मांजरांतल्या केसेस मांडल्या होत्या: नुसता श्वास थांबलेल्यांत प्रतिसाद चांगला, हृदयही थांबलेल्यांत बराच कमी. तुलनेचा गट नव्हता. म्हणून हे एका माणसाने करायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने जीभ ओढून नळी घालून श्वास द्यायचा. नळीच्या आधी सुई, असं नाही. तोंडात गॅग (जबडा उघडा धरणारी आडकाठी) हवाच. श्वास परत येताना जबडा मिटतो आणि तुमची बोटं तिथेच असतात.

रानहळद

चितळ आणि काळवीट यांचं कुणी लिहिलं नाही.

हाडवैरी

@रानहळद ताई, हरणात पायाचे निम्मे बिंदू गायब आहेत. तळव्याचं तिसरं आणि चौथं हाड जुळून एकच नळी झाली आहे, पहिलं बोट नाही, म्हणून एलआय-४ नाही. फिब्युलाचं वरचं टोक नावापुरतं, म्हणून जीबी-३४ ची खूण नाही. अस्वलाचं उलट आहे: पाच बोटं, तळवा पूर्ण टेकवून चालतं, त्यामुळे एलआर-३ आणि केआय-१ जवळपास माणसासारखे सापडतात. बिबट्याच्या मागच्या पायाला चारच बोटं, तिथे एलआर-३ दुसऱ्या-तिसऱ्या बोटांच्या मधे सरकवावा लागतो.

वेताळटेकडी

हरणाबद्दल रचनेच्या आधी दुसरं: नको. पकडण्याच्या ताणाने स्नायू विरघळून हरीण दोन-चार दिवसांनी मरतं. त्याला हाताळण्याचं प्रत्येक जास्तीचं मिनिट त्यात भर घालतं. टाके घालून, औषध देऊन, अंधाऱ्या शांत जागेत सोडा. सुया नकोत.

कातळशिल्प

सत्रांचा प्रश्न राहिला. पाळीव कुत्र्याला आठवड्यातून एक-दोनदा बोलावता येतं. बिबट्याला प्रत्येक वेळी भूल. एका सत्राचा अंदाजी फायदा आणि एका भुलीचा खात्रीचा धोका यांत भूल जड पडते. म्हणून जंगलात परतण्याची शक्यता असलेल्याला फक्त ड्रेसिंग, एक्सरे अशा कारणाने भूल देणार असाल तेव्हाच सुया. नुसत्या सुयांसाठी भूल नाही. जन्मभर केंद्रात राहणाऱ्या अस्वलाला किंवा हत्तीला बक्षीस देऊन अंग जाळीला लावायला शिकवता येतं. तिथे जागेपणी, दहा मिनिटांची, त्याने निघून जायचं ठरवलं की संपणारी सत्रं करता येतात.

आणि मागचे पाय लुळे पडलेल्या प्रत्येक बिबट्याला मणक्याची दुखापत समजू नका. गीरच्या सिंहांत २०१८ मध्ये कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाने जी हानी केली ती लक्षात ठेवा. झटके, जबड्याची थरथर, डोळे-नाकातून स्राव, किंवा स्वभावात अचानक बदल असेल तर आधी डिस्टेंपर आणि रेबीज. त्या लाळेजवळ सुया घेऊन कुणी बसू नये.

करवंदी

@कातळशिल्प, सत्रांबाबत पूर्ण सहमत, धाग्याच्या सुरुवातीलाच मी हे लिहायला हवं होतं असं वाटतं. खोल वेदना नसलेला आणि काही आठवड्यांत लघवीवर ताबा न आलेला बिबट्या जंगलात परतत नाही. तेव्हा त्याच्यासाठी काय योग्य, हा निर्णय वनविभाग आणि पशुवैद्यांनी मिळून वेळेत घ्यावा. सुया चालू आहेत या आशेवर तो पुढे ढकलू नये.

बिबट्या आणि हत्ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधले आहेत. पकडणं मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीने आणि उपचार नोंदणीकृत पशुवैद्याकडूनच. ॲक्युपंक्चर शिकलेल्या माणसांच्या डॉक्टरने ‘मी टोचून देतो’ म्हणून पुढे येऊ नये, हात कितीही चांगला असला तरी.

निवडुंग

नोंदी कशा ठेवता? प्रत्येक जण आपल्या पद्धतीने लिहितो, मग दोन केसेस जुळवता येत नाहीत.

हाडवैरी

नंबरासोबत रचना लिहायची. ‘एसटी-३६’ एवढंच नको. ‘उजवा एसटी-३६, क्रेनियल टिबियलचा मध्य, नडगीच्या कडेपासून १८ मिमी बाहेर, खोली २० मिमी, २ हर्ट्‌झला घोटा वर, बोटं सरळ’ असं. प्राण्याची स्थिती, भुलीचं औषध आणि सुई लावल्याची वेळ भुलीपासून किती मिनिटांनी, हेही. नडगीची लांबी एकदा मोजून ठेवा, म्हणजे लहान मादी आणि मोठा नर यांची अंतरं प्रमाणात आणता येतात. पंधरा-वीस प्राण्यांच्या अशा नोंदी एकत्र आल्या तर बिबट्याचा स्वतःचा तक्ता काढता येईल. मृत बिबट्यांच्या शवविच्छेदनाच्या वेळी परवानगीने त्याच जागी सुई घालून चिरून बघितलं तर नर्व्हपासून सुईचं टोक किती दूर पडलं हेही मोजता येतं. नमुना तक्ता उद्या इथेच टाकतो.